घंटा वाजली, पण धावणार कोण?

घराला कुलूप लावून आपण चार दिवस गावाला जातो तेव्हा आपल्याला धास्ती असते ती चोराची. पण ज्याला कोणी जिवे मारण्याची धमकी दिली आहे असा माणूस आतून कडी लावून बसतो, तेव्हा तो चोराला भीत नसतो, वैऱ्याला भीत असतो. बाजारात मिळणारी धोक्याची घंटा, जिला आपण सरसकट ‘अलार्म’ म्हणतो, ती मुळात चोरासाठी घडविलेली आहे. तीच घंटा वैऱ्यापासून माणसाला कितपत वाचवू शकते, ह्याचा आज विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ मोठ्या पदावरच्या माणसांचा आहे असे कोणी समजू नये. खटल्यात साक्ष द्यावयाची आहे असा साधा दुकानदार, नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून वेगळी राहिलेली बाई, गावच्या कारभाराविषयी माहिती मागणारा कार्यकर्ता, ह्यांपैकी कोणालाही एके दिवशी धमकी येऊ शकते. मग शेजारीपाजारी आणि कधी कधी पोलीसही सांगतात, “एक अलार्म बसवून घ्या.” सल्ला सद्‌भावनेचा असतो. पण त्यावर विसंबण्यापूर्वी ती वस्तू काय करते आणि काय करीत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे.

प्रथम यंत्राकडे वळू. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सॉमरव्हिल गावी ऑगस्टस रसेल पोप नावाचे एक गृहस्थ राहत असत. 1853 साली त्यांनी विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचे पेटंट घेतले. कल्पना सोपी होती. दारे-खिडक्यांना विजेच्या तारा जोडल्या. दार उघडले की तारेचे वर्तुळ पुरे होई, लोहचुंबक कंप पावे आणि त्याला जोडलेली हातोडी घंटेवर पडे. पुढे एडविन होम्स ह्या व्यापाऱ्याने हे हक्क विकत घेतले आणि न्यूयॉर्कमध्ये ह्या घंटेचा धंदा उभारला. आजच्या यंत्राचे बाह्य रूप पालटले आहे. दाराच्या फळीवर लहानसा चुंबक असतो आणि चौकटीवर कळ असते. दोघांची ताटातूट झाली की इशारा जातो. खोलीच्या कोपऱ्यातला डोळा माणसाच्या अंगची उष्णता आणि तिची हालचाल टिपतो. भोंगा वाजतो, मालकाच्या मोबाइलवर निरोप जातो, आणि व्यवस्था महागाची असेल तर दूरच्या एखाद्या कचेरीतही दिवा लागतो. परंतु पोप ह्यांच्या घंटेचे जे मूळ काम होते तेच आजच्या यंत्राचेही आहे. ते दार अडवीत नाही किंवा हल्लेखोराचा हात धरीत नाही. ते हाक मारते, एवढेच.

आता चोराच्या बाबतीत ही हाकसुद्धा पुष्कळ काम करते, कारण चोराच्या मनात चांदणे असते. त्याला कोणी पाहू नये, कोणी ऐकू नये, हीच त्याची पहिली गरज. शिवाय त्याचे तुमच्याशी काही वाकडे नसते. तुमच्या दारावर भोंगा दिसला तर तो शेजारच्या आळीत जाईल. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या शार्लट येथील संशोधकांनी तुरुंगातल्या 422 घरफोड्यांना प्रश्न विचारून 2012 साली एक अहवाल काढला. घरात अलार्म आहे असे कळल्यास आपण दुसरे घर शोधू, असे त्यांपैकी सुमारे 60 टक्क्यांनी सांगितले. ह्या पाहणीचा खर्च अलार्मच्या व्यवसायाशी संबंधित संस्थेने दिला होता, हेही ध्यानात ठेवावे. उलट इंग्लंड-वेल्समधील घरफोड्यांच्या पाहणीवरून निक टिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली निष्कर्ष मांडला, तो अगदी निराळा होता. दारांची पक्की कुलपे, खिडक्यांच्या कड्या, आतला दिवा आणि बाहेरचा दिवा ह्या साध्या गोष्टी एकत्र असल्या म्हणजे घर चांगले राखले जाते. नुसत्या अलार्मने मात्र तसा लाभ होताना त्यांना आढळला नाही. म्हणजे चोराच्या बाबतीतही घंटेला कडीकोयंड्याची जोड लागतेच.

वैऱ्याची गोष्ट ह्याहून पुष्कळच वेगळी आहे. त्याला तुमचेच घर हवे असते. भोंगा पाहून तो शेजाऱ्याकडे जात नाही. चोर घर रिकामे असताना येतो, तर हा तुम्ही घरी असताना येतो. आणि घरात माणसे वावरत असताना हालचाल टिपणारा डोळा बहुधा बंदच ठेवलेला असतो. आपण पकडले जाऊ ह्याची त्याला पुष्कळदा फिकीर नसते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याला दार फोडावे लागेलच असे नाही. तो दार वाजवतो आणि आपणच ते उघडतो.

ह्या फरकाची किंमत अमेरिकेतल्या न्यायाधीशांना कशी मोजावी लागली, ते पाहण्यासारखे आहे. शिकागोच्या संघीय न्यायाधीश जोन लेफ्को ह्यांच्या खुनाचा कट रचल्याबद्दल वर्णद्वेषी संघटनेचा एक पुढारी 2004 साली दोषी ठरला होता. त्या प्रकरणी त्यांना काही काळ संरक्षण मिळाले आणि नंतर ते काढून घेण्यात आले. 28 फेब्रुवारी 2005 रोजी त्या घरी परतल्या तेव्हा तळघरात पतीचे आणि वृद्ध आईचे मृतदेह पडलेले होते. सर्वांचा संशय त्या पुढाऱ्याच्या अनुयायांकडे वळला. पण खून करणारा होता दुसराच, आपला दावा फेटाळला गेला म्हणून चिडलेला एक पक्षकार. तो घरात शिरून न्यायाधीशांची वाट पाहत लपून बसला होता. ह्या घटनेनंतर त्याच वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसने संघीय न्यायाधीशांच्या घरी अलार्म बसविण्यासाठी सुमारे 1 कोटी 20 लक्ष डॉलर मंजूर केले. घर रिकामे असताना कोणी शिरून दबा धरतो, त्यावर हा उपाय योग्यच होता.

पण पुढचा हल्लेखोर त्या वाटेने आला नाही. 19 जुलै 2020 रोजी, रविवारी सायंकाळी, न्यू जर्सीमध्ये न्यायाधीश एस्थर सालास ह्यांच्या दारी पार्सल पोचविणाऱ्याच्या वेषात एक मनुष्य आला. त्यांच्या वीस वर्षांच्या मुलाने दार उघडले. त्या मनुष्याने गोळ्या झाडल्या. मुलगा मरण पावला, पती जबर जखमी झाले. मारेकरी हा त्यांच्यापुढे एका खटल्यात उभा राहिलेला वकील होता. दिवसाउजेडी, घरची माणसे घरात असताना, घरच्याच हाताने उघडलेल्या दारात कोणती घंटा वाजणार? नंतर जो उपाय झाला तो दाराशी नव्हताच. त्या मुलाच्या नावाने डिसेंबर 2022 मध्ये कायदा झाला, आणि न्यायाधीशांचे पत्ते व घरची माहिती सर्रास उपलब्ध होणार नाही अशी तरतूद त्यात केली गेली. पत्ता हाती न लागू देणे हीसुद्धा संरक्षणाचीच रीत आहे, आणि ती अलार्मच्या कितीतरी आधी सुरू होते.

त्याच वर्षीची तिसरी घटना पाहा. 8 जून 2022 च्या मध्यरात्रीनंतर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश ब्रेट कॅव्हनॉ ह्यांच्या घरापाशी पिस्तूल घेऊन एक व्यक्ती टॅक्सीतून उतरली. घरासमोर दोन मार्शल उभे होते. त्यांना पाहून ती व्यक्ती पुढे चालत गेली आणि तिने स्वतःच पोलिसांना फोन केला. येथे ना भोंगा वाजला, ना दार तुटले. जागी असलेली दोन माणसे दिसली, एवढ्याने काम झाले.

मग घंटा निरुपयोगी म्हणावी काय? तसे म्हणणेही चुकीचे होईल. घंटेने माणूस वाचल्याचे एक स्पष्ट उदाहरण डेन्मार्कमधले आहे. व्यंगचित्रकार कुर्ट वेस्टरगार्ड ह्यांना त्यांच्या एका चित्रावरून जिवाच्या धमक्या येत होत्या आणि 2008 साली त्यांच्याविरुद्धचा एक कटही पोलिसांनी उघडकीस आणला होता. त्यानंतर त्यांच्या ऑर्हूस येथील घरात न्हाणीघराचे दार पोलादी आणि भक्कम करून तेथे आसऱ्याची खोली केली गेली, आणि पोलिसांना थेट इशारा जाईल अशी कळ बसविली गेली. 1 जानेवारी 2010 च्या रात्री एक तरुण कुऱ्हाड व सुरा घेऊन काच फोडून घरात शिरला. वेस्टरगार्ड त्या खोलीत गेले, कळ दाबली. हल्लेखोर दारावर कुऱ्हाड घालीत राहिला, दार टिकले. काही मिनिटांत पोलीस आले आणि त्यांनी त्याला जखमी करून पकडले. वेस्टरगार्ड सुखरूप राहिले; पुढे 2021 साली वृद्धापकाळी ते वारले. मात्र त्या रात्री त्यांची पाच वर्षांची नात बाहेरच्या खोलीत राहिली होती. तिला काही इजा झाली नाही, हे सुदैव. एका माणसासाठी आखलेले संरक्षण घरातल्या दुसऱ्या माणसाला पुरतेच असे नाही, हेही ह्यावरून दिसते.

ह्या उदाहरणातून जो हिशेब निघतो, तोच ह्या विषयाचा गाभा होय. दोन काळ मोजावयाचे. धोक्याचा पहिला इशारा मिळाल्यापासून हल्लेखोर आपल्या अंगाशी भिडेपर्यंत किती वेळ जातो, हा पहिला काळ. तोच इशारा मिळाल्यापासून मदत दारात येईपर्यंत किती वेळ जातो, हा दुसरा. पहिला काळ दुसऱ्याहून मोठा असेल तर घंटा जीव वाचवील. लहान असेल तर मदत येईल ती वरातीमागून घोडे म्हणतात तशी. समजा, दार एका मिनिटात मोडते आणि पोलिसांना यावयास दहा मिनिटे लागतात. तर हजारो रुपयांचा भोंगा त्या उरलेल्या नऊ मिनिटांचा केवळ साक्षीदार होईल. उलट दार आठ मिनिटे टिकत असेल आणि मदत पाच मिनिटांत येत असेल, तर साधी विजेची घंटाही पुरे.

ह्यावरून हेही कळते की इशारा जितका दूरवर मिळेल तितका बरा. दार फुटल्यावर वाजणारी घंटा उशिरा वाजते. फाटकापाशी, जिन्याच्या पहिल्या पायरीवर वाजणारी वेळ मिळवून देते. आणि त्या वेळात घरातल्या माणसाने काय करावयाचे, कोणत्या खोलीत जावयाचे, मुलांना कोणी घ्यावयाचे, हे आधी ठरलेले हवे. ज्याच्यापुढे असे काहीच ठरलेले नाही, तो घंटा ऐकून पुष्कळदा दार उघडून बाहेर पाहावयास जातो.

आता दुसऱ्या काळाकडे, म्हणजे धावून येणाऱ्याकडे वळू. आपल्या गावगाड्यात जागल्या रात्री हाक देत फिरे. त्या हाकेला मोल होते ते तिच्या मागे गाव उठत असे म्हणून. यंत्राच्या हाकेला ही पत राहिलेली नाही, आणि त्याचे कारण ‘लांडगा आला रे आला’ ह्या गोष्टीतलेच आहे. मांजर गेले, वाऱ्याने खिडकी हलली, घरचाच माणूस आकडा विसरला, की भोंगा वाजतो. अमेरिकेत 1998 साली पोलिसांना अशा सुमारे 3 कोटी 80 लक्ष हाकांना जावे लागले. आणि तेथील पाहण्यांप्रमाणे शंभरांतल्या 94 ते 98 हाका खोट्या असतात. म्हणून 2000 च्या अखेरीस सॉल्ट लेक सिटी शहराने नियमच केला, की कोणीतरी प्रत्यक्ष पाहून खात्री करून दिल्यावाचून घरफोडीच्या भोंग्याला पोलीस जाणार नाहीत. माणसाने स्वतः दाबलेल्या संकटाच्या कळीला मात्र ह्या नियमातून वगळले. हा भेद फार महत्त्वाचा आहे. आपोआप वाजणारे यंत्र आणि हाताने दाबलेली कळ ह्यांत धमकी आलेल्या माणसाला अधिक उपयोगी पडते ती कळ, कारण तिच्या मागे माणसाची साक्ष असते.

धमकी आलेल्यांत एक मोठा वर्ग स्त्रियांचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे 2017 साली जगात सुमारे 87 हजार स्त्रियांचे खून झाले, आणि त्यांतले सुमारे 50 हजार पतीने, जोडीदाराने किंवा घरच्याच माणसाने केलेले होते. ह्या बायकांच्या बाबतीत घराबाहेर लावलेली घंटा कोणाविरुद्ध वाजणार? ज्याच्यापासून भय, त्याच्यापाशीच किल्ली असते, भोंग्याचा आकडा असतो, कॅमेऱ्याचे चित्र त्याच्याच मोबाइलवर जात असते. बाईने नवऱ्यापासून वेगळे राहावयाचे ठरविले, तर दाराच्या कुलपाइतकेच हे आकडे आणि पासवर्ड बदलणे निकडीचे आहे. नाहीतर रक्षणाचे यंत्र पाळतीचे यंत्र होते.

इंग्लंडमध्ये लिव्हरपूल परिसरात अशा स्त्रियांसाठी एक प्रयोग झाला आणि त्याचा अहवाल 1994 साली निघाला. वारंवार मारहाण सोसणाऱ्या बायकांना सहज जवळ बाळगता येईल अशी लहानशी कळ देण्यात आली. कळ दाबली की इशारा केंद्रात जाई आणि पोलीस त्या हाकेला अग्रक्रम देत. पण नुसती कळ देऊन ते थांबले नाहीत. त्या घरी पूर्वी काय घडले आहे, न्यायालयाचा काही मनाईहुकूम आहे काय, ही माहिती पोलिसांना मिळण्याची सोय केली, आणि त्या बाईला आधार देण्यासाठी एक कार्यकर्ती नेमली. त्या बायकांना पूर्वीपेक्षा सुरक्षित वाटू लागले. स्पेनने 2009 पासून ह्याच्याही पुढचे पाऊल टाकले. न्यायालय त्या पुरुषाच्या अंगावर एक यंत्र बसविते आणि स्त्रीजवळ दुसरे देते. ठरविलेल्या अंतराच्या आत तो आला की नियंत्रण केंद्राला कळते. म्हणजे घंटा दाराशी न वाजता कित्येक पावले अलीकडे वाजते. आपण वर मांडलेल्या हिशेबातला पहिला काळ वाढविण्याचाच हा प्रयत्न आहे.

आपल्याकडची स्थिती काय आहे? डिसेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. तिच्यात साक्षीदाराच्या घरी भक्कम दारे, कॅमेरे, अलार्म व कुंपण बसविण्याची तरतूद आहे. पण ती एकटी नाही. घराभोवती पोलिसांची गस्त, दूरध्वनी क्रमांक बदलणे, तात्पुरते दुसरीकडे राहावयास नेणे, न्यायालयात पोचविणे-आणणे हे उपायही तिच्यात आहेत. आणि सर्वांच्या आधी पोलिसांनी धोका किती आणि कोणाकडून, ह्याचा अहवाल द्यावयाचा आहे. योजना करणाऱ्यांनी अलार्मला त्याची योग्य जागा दिली आहे, असेच म्हटले पाहिजे. साक्षीदाराने ती सवड मागून घेतली पाहिजे, आणि नुसत्या कॅमेऱ्यावर बोळवण होऊ देता कामा नये.

गेल्या काही वर्षांत आपल्या डोळ्यांदेखत घडलेल्या चार हत्या ह्या संदर्भात आठवतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात आणि गोविंद पानसरे 16 फेब्रुवारी 2015 रोजी कोल्हापुरात, सकाळी फिरावयास गेले असता गाठले गेले. प्रा. मल्लेशप्पा कलबुर्गी ह्यांच्यावर 30 ऑगस्ट 2015 रोजी धारवाडला त्यांच्या घराच्या दारातच गोळ्या झाडल्या गेल्या. गौरी लंकेश 5 सप्टेंबर 2017 च्या रात्री बंगळूरला घरी परतत असताना दाराशी मारल्या गेल्या. लंकेश ह्यांच्या घराला कॅमेरे होते. त्यांनी मारेकऱ्याचे चित्र टिपले आणि तपासाला ते उपयोगी पडले. पण त्या वाचल्या नाहीत. कॅमेरा घडलेले सांगतो, घडणारे थांबवीत नाही. चौघांपैकी दोघे घराबाहेर होते आणि दोघे उंबरठ्यापाशी. घराच्या आत बसविलेल्या कोणत्याही घंटेची सत्ता नेमकी तेथेच संपते.

तेव्हा ज्याला धमकी आली आहे त्याने अलार्मच्या दुकानात जाण्यापूर्वी चार प्रश्न स्वतःला विचारावे. इशारा कोठे मिळेल, फाटकापाशी की छातीपाशी? दार, चौकट, बिजागऱ्या आणि आतली एक खोली किती मिनिटे टिकेल? हाक कोणाला जाईल, आणि तो किती मिनिटांत येईल? आणि मी घराबाहेर असताना, येण्याजाण्याच्या वाटेवर, माझ्याबरोबर कोण असेल? ह्या प्रश्नांची उत्तरे विकत मिळत नाहीत. ती मिळवण्यासाठी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार करून तिची नोंद करून घ्यावी लागते. 112 हा क्रमांक घरातल्या मुलांनाही पाठ करवावा लागतो. 2017 पासून विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये संकटाच्या कळीची जी सोय असावी असा नियम आहे, ती आपल्या फोनवर कशी चालते हे आधी पाहून ठेवावे लागते. अनोळखी माणसाला जाळीच्या दाराआडून बोलण्याची, आणि पार्सल उंबरठ्याबाहेर ठेवावयास सांगण्याची सवय लावून घ्यावी लागते. रोज एकाच वेळी एकाच वाटेने जाणे सोडावे लागते.

आणि शेवटचे उत्तर आपल्यापाशी, म्हणजे त्या माणसाच्या शेजाऱ्यांपाशी आहे. वाड्यातून आपण फ्लॅटमध्ये आलो. वाड्यात एखाद्याच्या घरी आवाज चढला तर चौकात चार माणसे गोळा होत. आज जिन्यापलीकडच्या दारात भोंगा वाजू लागला तर आपण आपले दूरदर्शन थोडे मोठे करतो. आपल्या इमारतीत अशी कोणी बाई, असा कोणी साक्षीदार राहत असेल, तर त्याला कोणते यंत्र चांगले हे सांगण्याआधी आपण एवढे सांगावे, की तुमच्या घरचा आवाज ऐकला तर आम्ही पोलिसांना फोन करू आणि आपले दार उघडून जिन्यात उभे राहू. दिवा लावून जिन्यात उभी राहिलेली चार माणसे दोन मार्शलांइतकी बलवान नसतील. पण मदत येईपर्यंत जी काही मिनिटे लागतात, ती मिळवून देण्याचे बळ त्यांच्यात निश्चित आहे.